'निरुपयोगी' या एका शब्दाबद्दल: दहावीच्या सराव प्रश्नपेढीच्या शिक्षकमंडळास खुलं पत्र

प्रति,
दहावी विज्ञानाची सराव प्रश्नपेढी तयार करणारे आणि तिच्यावरून उत्तरपत्रिका तपासणारे सर्व शिक्षक, पुणे

सप्रेम नमस्कार.

यंदाच्या प्रश्नपेढीत उत्क्रांतीच्या पुराव्यांवर तीन गुणांचा एक प्रश्न आहे: 'अवशेषांगे म्हणजे काय? दोन उदाहरणे लिहा.' आदर्श उत्तर एका ओळीचं आहे: 'शरीरातील निरुपयोगी अवयवांना अवशेषांगे म्हणतात.' त्याखाली तपासनिसांसाठी सूचना: 'निरुपयोगी हा शब्द आवश्यक.' म्हणजे एखाद्या मुलीने 'मूळ काम गमावलेला, खुरटलेला अवयव' असं स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर तिचा गुण जाणार, आणि पाठ केलेली ओळ उतरवणाऱ्याला तो मिळणार. या दोघांत बरोबर उत्तर त्या मुलीचं आहे. तेवढ्यासाठी हे पत्र.

आम्ही पुण्यातल्या महाविद्यालयांत प्राणिशास्त्र आणि शरीररचनाशास्त्र शिकवतो. तुमच्या वर्गातून गेलेली मुलं दोन-तीन वर्षांनी आमच्यासमोर बसतात आणि हा शब्द सोबत घेऊन येतात. तो काढताना जीव मेटाकुटीला येतो, कारण त्यावर मिळालेले गुण मुलांच्या लक्षात असतात. कोणा एका शिक्षकावर आमचा रोख नाही. ही प्रश्नपेढी क्लासमधून आणि पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवरून गावभर फिरते, त्यामुळे दुरुस्तीही चारचौघांत व्हावी म्हणून पत्र खुलं ठेवलं आहे.

आधी शब्दाचं बघू. डार्विनने १८५९ मध्येच लिहून ठेवलं होतं की एखाद्या अवयवाची कामं दोन असतील तर त्यातलं एक सुटून दुसरं चालू राहू शकतं. १८९३ मध्ये रॉबर्ट विडरशाइम या जर्मन शरीररचनातज्ज्ञाने माणसातल्या अशा ८६ अवयवांची यादी केली. त्याच्याही व्याख्येत 'पूर्णतः किंवा अंशतः' काम गमावलेले अवयव होते. पुढे ते 'अंशतः' गळून पडलं आणि 'निरुपयोगी' तेवढं उरलं. १९२५ मध्ये अमेरिकेत उत्क्रांती शिकवण्यावरून स्कोप्स खटला गाजला, तेव्हा यादी १८० वर गेली होती. मग एकेका अवयवाचं काम सापडू लागलं. मेंदूतल्या पिनिअल ग्रंथीतून मेलाटोनिन हे संप्रेरक वेगळं काढलं गेलं १९५८ मध्ये. थायमस ग्रंथी रोगप्रतिकारासाठी लागते हे १९६१ मध्ये कळलं. प्रत्येक वेळी उत्क्रांतीच्या विरोधकांनी टाळ्या वाजवल्या: बघा, आणखी एक पुरावा गेला! पुरावा कुठेच गेला नव्हता. व्याख्या चुकीची पाठ केली होती, एवढंच.

मराठीच्या तासाला हीच गोष्ट पाच मिनिटांत समजते. जुन्या पुस्तकांत 'नांव', 'गांव', 'केळें', 'घरें' असं छापलेलं असतं. 'गांव'वरचं टिंब म्हणजे 'ग्राम'मधल्या 'म'चा उरलेला अंश. 'नांव'वरचं, 'नाम'मधल्या 'म'चा. उच्चार गेला, टिंब राहिलं. १९६२ च्या शुद्धलेखनाच्या नियमांनी हे अनुच्चारित अनुस्वार बंद केले. कोकणातल्या काही बोलींत नाकातला उच्चार अजून ऐकू येतो, म्हणजे तिथे तो अवयव चालू आहे. आता या पत्रातलं 'केलं', 'असं', 'गेलं' बघा. जुन्या 'केलें'मधलं टिंब इथेही आहे, पण ते नाकात बोलायला सांगत नाही. शेवटचा 'अ' लांबवायला सांगतं. जुनं काम सुटलं, दुसरं मिळालं. ते निरुपयोगी असेल तर काढून बघा: 'केलं'चं 'केल' होतं. आणि त्याला आज काम आहे म्हणून त्याचा जुना इतिहास खोटा ठरतो का? डार्विननेही खुरटलेल्या अवयवांना शब्दातल्या न उच्चारल्या जाणाऱ्या अक्षरांची उपमा दिली होती. आपल्याकडे ते उदाहरण इंग्रजीपेक्षा चांगलं बसतं, कारण आपल्या टिंबाने धंदाच बदलला.

आता तक्रारी.

पहिली आणि सगळ्यांत मोठी, आंत्रपुच्छाची, म्हणजे अपेंडिक्सची. 'चूक की बरोबर' या सदरात एक विधान आहे: 'मानवी आंत्रपुच्छाला काही कार्य असते.' उत्तर दिलंय, चूक. आंत्रपुच्छ साधारण ८ ते १० सेंटिमीटर लांबीची, एका टोकाला बंद असलेली नळी. मोठ्या आतड्यावर लांबीच्या दिशेने स्नायूंच्या तीन पट्ट्या असतात. त्या जिथे एकत्र येतात तिथेच तिचं मूळ सापडतं, आणि शस्त्रक्रियेत सर्जन त्या पट्ट्यांचा माग काढत तिथवर पोचतात. नळीच्या भिंतीत लसिका ऊती ठासून भरलेली असते, म्हणजे रोगप्रतिकाराचं काहीतरी काम तिथे चालतं हे सूक्ष्मदर्शकाखालीच दिसतं. ड्यूक विद्यापीठातल्या संशोधकांनी २००७ मध्ये मांडलं की जुलाबात आतडं धुऊन निघालं तरी उपयुक्त जिवाणूंचा साठा या आडबाजूच्या नळीत टिकतो आणि तिथून आतड्यात पुन्हा वस्ती होते. ही कल्पना अजून तपासली जात आहे. पण 'काही कार्य नाही' हे विधान आज कुठलाही शरीररचनातज्ज्ञ लिहून देणार नाही.

'अपेंडिक्स काढलेली माणसं ठणठणीत असतात की' हा युक्तिवाद वर्गात हमखास येतो. एक मूत्रपिंड दान केलेली माणसंही ठणठणीत असतात.

त्याच प्रश्नाच्या स्पष्टीकरणात पुढचं वाक्य आहे: 'मात्र रवंथ करणाऱ्या प्राण्यांत आंत्रपुच्छ कार्यक्षम असते.' हे वाक्य गाईडांत आणि नोट्समध्ये इतकं फिरलं आहे की ते कोणी तपासत नाही. गाय, म्हैस, शेळी, मेंढी यांना आंत्रपुच्छ नसतं. त्यांना अंधनाल असतो, म्हणजे लहान आणि मोठ्या आतड्याच्या सांध्याजवळची बंद पिशवी, आणि त्या पिशवीला पुढे शेपूट नसतं. शिवाय त्यांचा चारा मुख्यतः आंबतो तो जठराच्या पहिल्या कप्प्यात, रुमेनमध्ये. मोठ्या गाईत त्याची क्षमता शंभर लिटरच्या पुढे जाते. शाकाहारी प्राण्यातलं ठसठशीत आंत्रपुच्छ दाखवायचंच असेल तर सशाचं दाखवा. त्याचा अंधनाल मोठा असतो आणि टोकाला जाड भिंतीचं खरंखुरं आंत्रपुच्छ असतं.

आमच्यावर विश्वास ठेवू नका, मटणाच्या दुकानात जा. सांगताना 'वजडी' म्हणालात तर साफ करून, तुकडे करून मिळेल आणि हवा तो भागच फेकून दिलेला असेल. 'न धुतलेली, न कापलेली अख्खी आतडी द्या' असं आदल्या दिवशी सांगून ठेवा. प्रयोगशाळेत मोठा ट्रे, रबरी हातमोजे, बोथट टोकाची कात्री आणि भरपूर पाणी लागेल. खिडक्या उघड्या ठेवा. चरबीचा पडदा हळूहळू सोडवत बारीक आतड्याच्या कडेने पुढे जा. एका ठिकाणी ती अरुंद नळी एकदम रुंद भागात शिरते. तिथून एका बाजूला मोठं आतडं निघतं. पुढे चकलीसारखं सपाट वेटोळं दिसलं की दिशा बरोबर आहे, शेळीची ती खूणच आहे. दुसऱ्या बाजूला बंद पिशवी असते, तो अंधनाल. त्यातला ऐवज पिळून काढा आणि तोंडाकडून पाणी भरा. टोक गोल, गुळगुळीत फुगतं. गांडुळासारखी पुढे आलेली नळी शोधून सापडत नाही. एक चूक हमखास होते: कसायाच्या सुरीने टोक कापलं गेलेलं असतं आणि फाटलेली कड पाहून मुलं 'हेच आंत्रपुच्छ' म्हणतात. पाणी भरल्यावर तिथून गळती लागली तर ते कापलेलं टोक समजा आणि दुसरं आतडं आणा.

आता जरा अडचणीची गोष्ट. आंत्रपुच्छ हे अवशेषांगाचं पहिलं उदाहरण म्हणून द्यावं का, याबद्दल आम्हालाच शंका आहे. सस्तन प्राण्यांचा वंशवृक्ष मांडून २०१३ मध्ये झालेल्या अभ्यासात हा अवयव तीसहून अधिक वेळा स्वतंत्रपणे निर्माण झालेला दिसला आणि एकदा आल्यावर फार क्वचित नाहीसा झालेला दिसला. जो अवयव पुन्हा पुन्हा येतो आणि टिकतो, त्याला नुसतं उरलंसुरलं म्हणणं कठीण आहे. तीन गुणांच्या प्रश्नात ही गुंतागुंत मुलांवर लादू नका. दुसरं उदाहरण घ्या.

तक्रार दुसरी, माकडहाड. आदर्श उत्तरात ते 'कोणताही उपयोग नसलेले हाड' आहे. साधारण चार (कधी तीन, कधी पाच) मणके जुळून ते बनतं. नितंबाच्या सर्वांत मोठ्या स्नायूचे काही तंतू आणि ओटीपोटाचा तळ उचलून धरणारे स्नायू त्याला बांधलेले असतात. घसरून त्यावर आपटलेल्या माणसाला खुर्चीत बसताना 'उपयोग नसलेले' म्हणून दाखवा. तरीही ते अवशेषांगच आहे, कारण शेपटीचं काम गेलं आहे. गर्भात पाचव्या आठवड्याच्या सुमाराला शेपूट स्पष्ट दिसतं आणि आठव्या आठवड्यापर्यंत ते विरून जातं. २०२४ च्या फेब्रुवारीत 'नेचर'मध्ये आलेल्या शोधनिबंधाने याचं जनुकीय कारणही दाखवलं: सुमारे अडीच कोटी वर्षांपूर्वी, माणूस आणि कपी यांच्या सामाईक पूर्वजात, टीबीएक्सटी या जनुकाच्या मधल्या भागात 'अलू' नावाचा डीएनएचा एक तुकडा घुसला. त्याचा परिणाम उंदरात घडवून आणला तेव्हा काहींची शेपूट आखूड झाली, काहींना ती आलीच नाही. दहावीच्या मुलाला हे समजत नाही असं मानायचं कारण नाही.

कानाचे स्नायू आणि अंगावरचा काटा यांत फार वेळ घालवत नाही. कानामागचा स्नायू एखादा आवाज लक्ष देऊन ऐकताना अत्यंत क्षीण विद्युत हालचाल दाखवतो, हे २०२० मध्ये मोजलं गेलं. कान मात्र डोळ्याला दिसेल इतका हलत नाही. काटा उभा करणारा प्रत्येक केसाच्या मुळाशी असलेला स्नायू मांजराला फुगून मोठं दिसायला उपयोगी पडतो. आपल्याला त्या अर्थाने नाही.

तिसरी तक्रार गंभीर आहे, कारण इथे प्रश्नपेढी स्वतःलाच छेद देते. 'अवशेषांगे का निर्माण होतात?' याचं उत्तर छापलंय: 'वापर न केल्यामुळे अवयव लहान होत जातो व हा बदल पुढील पिढीत उतरतो.' हा शुद्ध लामार्कवाद आहे. त्याच प्रश्नपेढीत लामार्कच्या सिद्धांतातले दोष लिहायला तीन गुण आहेत! मुलाने दोन्ही उत्तरं पाठ केली तर पूर्ण गुण, आणि डोक्यात काय राहिलं ते विचारू नका. आपल्या घराघरांत किती पिढ्या बाळांचे कान टोचले जातात. टोचलेले कान घेऊन कोणी जन्माला आलंय? ऑगस्ट वाइझमान या जर्मन जीवशास्त्रज्ञाने उंदरांच्या शेपट्या पिढ्यान्पिढ्या कापून हेच पाहिलं: पिल्लं शेपटीसकटच जन्मली.

बरोबर स्पष्टीकरण तितकंच सोपं आहे. जनुकांत चुका सतत होत असतात. डोळा लागतो तिथे डोळा बिघडवणारी चूक असलेला प्राणी मागे पडतो, त्याची पिल्लं कमी होतात आणि ती चूक गाळली जाते. मातीत किंवा अंधाऱ्या गुहेत डोळ्यावाचून काही अडत नाही, मग ही गाळणी थांबते आणि चुका साठत जातात. शिवाय डोळा बांधायला, चालवायला ऊर्जा लागते; लहान डोळ्याचा प्राणी तेवढी वाचवतो. कोणीही डोळा 'न वापरून' लहान केलेला नसतो. पाच वाक्यं झाली. उत्तरपत्रिकेत जागा आहे.

चौथी, उदाहरणांच्या यादीत 'पुरुषांची स्तनाग्रे' घातली आहेत. ती अवशेषांगं नव्हेत. गर्भात स्तनाग्रांची जागा लिंगभेद सुरू व्हायच्या आधी ठरते, म्हणून ती दोघांनाही येतात. पुरुष पूर्वजांना दूध पाजायचं काम होतं आणि ते नंतर सुटलं, असा कुठलाच पुरावा नाही. हे उदाहरण काढून टाका.

पाचवी. सगळी उदाहरणं माणसाची, आणि तीही ठरलेली. मुलाला वाटतं, अवशेषांग ही माणसाची काहीतरी खोड आहे. पुण्यातल्या मुलाच्या अंगणातलं उदाहरण आहे वाळा. पावसाळ्यात कुंडीच्या मातीत किंवा न्हाणीघराच्या जाळीपाशी सापडणारा, गांडुळासारखा काळपट साप. गांडुळाच्या अंगावर कडी असतात आणि ते ओलसर असतं. वाळ्याचं अंग बारीक खवल्यांनी चकाकतं आणि नीट पाहिलं तर बारीक जीभ बाहेर येते. डोके कुठलं हे कळेना तर भिंगातून पाहा: डोक्यावरच्या खवल्याखाली दोन काळे ठिपके दिसतात, तेच डोळे. उजेड-अंधार एवढाच त्यांना कळतो. वाळा बिनविषारी आहे. मुलांनी पाहून झाल्यावर मातीसकट कुंडीत परत सोडा. मारू देऊ नका. सह्याद्रीतल्या देवगांडुळांचंही (बेडकाच्या वर्गातले बिनपायाचे उभयचर) तेच, त्यांच्या अनेक जातींत डोळा कातडीखाली गेला आहे, काहींत तर हाडाखाली.

मोठा साप पाहायचा असेल तर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात सहल जातेच. अजगराच्या पोटाच्या बाजूला, शेपटी सुरू होते तिथे, गुदद्वाराच्या दोन्ही कडांना नखासारखा एकेक काटा असतो. तो मागच्या पायाचा उरलेला भाग. आत कंबरेच्या आणि मांडीच्या हाडाचे तुकडेही असतात. नराचे काटे मोठे असतात आणि मीलनाच्या वेळी तो ते मादीच्या अंगावर घासतो. पायाचं काम गेलं, पण प्राणी त्याचा वापर करतो. तुमच्या व्याख्येत अजगराचा हा काटा बसतच नाही. देवमाशाच्या कंबरेचं हाडही बसत नाही. ते पाठीच्या कण्यापासून सुटलेलं, मांसात तरंगणारं हाड असतं, पण जननेंद्रियांचे स्नायू त्याला जोडलेले असतात, आणि नरात त्याचा आकार वीणकाळातल्या स्पर्धेशी जुळतो हे २०१४ च्या अभ्यासात दिसलं. देवमाशाची पायवाट तर आपल्या देशातून जाते. जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचा इंडोहायस हा मांजराएवढा, खुरांचा, देवमाशांचा जवळचा नातेवाईक. त्याचे जीवाश्म ज्या खडकांत होते ते भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी गोळा केले होते आणि २००७ मध्ये ते नातं प्रसिद्ध झालं. कच्छमध्ये पाय असलेल्या आद्य देवमाशांचे जीवाश्म सापडले आहेत. त्यातल्या एकाचं नावच कुचिसीटस, म्हणजे कच्छचा देवमासा. तुमच्या प्रश्नपेढीत यातलं काही नाही.

आणि जनुकं. कुत्रा, मांजर, शेळी यांना आवळा लागत नाही. त्यांचं यकृत 'क' जीवनसत्त्व स्वतः बनवतं. त्या प्रक्रियेच्या शेवटच्या पायरीचं विकर बनवणारं जनुक आपल्यातही आहे, आठव्या गुणसूत्रावर, पण मोडलेलं. माणूस, चिंपांझी, ओरांगउटान आणि मकाक माकड यांच्यात या जनुकातलं एक अक्षर नेमकं एकाच जागी गळलेलं आहे. गिनीपिगमध्येही हे जनुक मोडलं आहे, पण त्याची मोडतोड वेगळी. हे तुम्हाला समजावून सांगायची गरजच नाही. शेजारशेजारच्या दोन उत्तरपत्रिकांत सारखं बरोबर उत्तर आलं तर तुम्ही पान उलटता. सारखीच चूक, सारख्याच ओळीत, सारख्याच शब्दावर आली तर पेन थांबतं.

सहावी तक्रार, प्रश्नपेढीच्या वेळापत्रकात हा भाग 'स्वयंअध्ययनासाठी' टाकला आहे. एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकातून २०२३ मध्ये उत्क्रांतीचा भाग काढला गेला तेव्हा देशभरातल्या १८०० हून अधिक वैज्ञानिक-शिक्षकांनी त्याविरुद्ध सह्या केल्या. राज्याच्या पुस्तकात तो शाबूत असताना आपणच तो वर्गाबाहेर ठेवायचा? वेळ नाही हे कारण आम्हाला मान्य नाही, कारण यातलं सगळ्यांत चांगलं प्रात्यक्षिक एका तासिकेत होतं आणि त्याला खर्च शून्य येतो.

ते असं. मनगटापासून कोपरापर्यंत जाणारा पामारिस लाँगस नावाचा एक सडपातळ स्नायू काही लोकांत नसतोच. पाठ्यपुस्तकांत सर्वसाधारण आकडा सुमारे १५ टक्के दिला जातो. लोकसमूहागणिक तो बराच बदलतो. मुलांना बाही कोपरापर्यंत दुमडायला सांगा. हात बाकावर, तळहात वर. अंगठ्याचं टोक करंगळीच्या टोकाला भिडवून घट्ट दाबायचं आणि मनगट थोडं आत वाकवायचं. मनगटाच्या बरोबर मध्यावर दोरीसारखी शीर उठून आली, तर तो स्नायू आहे. (शीर आपण बोलीत म्हणतो, ती स्नायूची कंडरा, रक्तवाहिनी नव्हे. हेही मुलांना तेव्हाच सांगून टाका.)

गफलत होते ती अशी. अंगठ्याच्या बाजूला आणखी एक जाड कंडरा असते, ती जवळजवळ सगळ्यांना असते. मधली नसली की मुलं हिलाच मधली समजतात आणि 'आहे' असं लिहितात. शेजारच्या मुलाने बोटाने चाचपून पाहावं: पामारिसची कंडरा कातडीच्या लगेच खाली असते, बोटाने हलवली तर इकडेतिकडे सरकते. गुबगुबीत मनगटावर दिसत नाही, हाताला लागते. तक्त्यात 'आहे', 'नाही' आणि 'शंका' असे तीन रकाने ठेवा, नाहीतर शंकेची सगळी मतं एका बाजूला पडतात. दोन्ही हात वेगळे नोंदवा, कारण कित्येकांच्या एकाच हातात तो नसतो. साठ मुलांच्या वर्गात नऊजणांत नसेल असं गणित फळ्यावर आधी मांडू नका. मग मुलं नऊ शोधून काढतात. आलेला आकडा लिहा, दुसऱ्या तुकडीचा शेजारी लिहा. नसलेल्यांची पकड कमजोर आहे का, हेही एखाद्या स्प्रिंगच्या काट्याने तपासता येईल. या स्नायूवाचून पकडीत फरक पडत नाही असं अभ्यास सांगतात, आणि म्हणूनच सर्जन दुसरीकडची तुटलेली कंडरा जोडायला ही काढून वापरतात.

फक्त एक सांभाळा. ज्याला हा स्नायू नाही तो 'जास्त उत्क्रांत', असं वर्गात कोणीतरी म्हणतंच, आणि कधीकधी ते शिक्षकच असतात. उत्क्रांतीला वरची इयत्ता नसते.

आरसा असेल तर उरलेल्या पाच मिनिटांत डोळाही बघा. नाकाकडच्या कोपऱ्यात गुलाबी मांसल गोळी दिसते, ती अवशेषांग नव्हे. तिच्या लगेच बाहेरच्या बाजूला अर्धचंद्राकार पातळ घडी आहे, ती निमेषक पटलाची खूण. कोंबडीच्या डोळ्यावरून सर्रकन सरकणारा पांढुरका पडदा तो हाच. आपल्यात ही घडी डोळा बाहेरच्या बाजूला वळताना सैल पडून जागा देते, म्हणजे पुन्हा तीच गत: पडद्याचं काम गेलं, दुसरं काम आलं.

तुमची अडचण आम्हाला माहीत आहे. 'बोर्डाच्या तपासनिसाने निरुपयोगी हाच शब्द शोधला तर आमच्या मुलाचं नुकसान नको.' भीती रास्त आहे आणि तोडगा सोपा आहे. व्याख्या अशी लिहायला शिकवा: 'पूर्वजांमध्ये असलेल्या मूळ कामासाठी निरुपयोगी झालेला, खुरटलेला अवयव म्हणजे अवशेषांग, त्याला दुसरे काम असू शकते.' शब्दही आला, विज्ञानही राहिलं.

तेव्हा मागण्या एवढ्याच.

१. 'निरुपयोगी हा शब्द आवश्यक' ही सूचना मागे घ्या आणि वरची व्याख्या आदर्श उत्तरात घाला.

२. ज्यांचे गुण या एका शब्दासाठी कापले गेले, त्यांच्या उत्तरपत्रिका परत मागवून गुण द्या. सराव परीक्षा असली तरी द्या. मुलाला त्याचं बरोबर उत्तर बरोबर होतं हे कळायला हवं.

३. आंत्रपुच्छाचं 'चूक की बरोबर' विधान आणि रवंथ करणाऱ्या प्राण्यांचं वाक्य वगळा. स्तनाग्रांचं उदाहरणही.

४. 'वापर न केल्यामुळे' हे स्पष्टीकरण बदला.

५. दोन उदाहरणांपैकी एक माणसाबाहेरचं असावं, असा बदल प्रश्नात करा.

६. 'स्वयंअध्ययन' हा शेरा काढून या भागाला मनगटाच्या प्रात्यक्षिकासह किमान दोन तासिका द्या.

दुरुस्तीचा मसुदा हवा असेल तर आम्ही बसून लिहून देऊ, मानधन नको. शेळीच्या आतड्याचं प्रात्यक्षिक पाहायचं असेल तर एखाद्या शनिवारी या. आदल्या दिवशी कळवा, म्हणजे मटणवाल्याला सांगून ठेवता येईल.

कळावे, लोभ असावा.

आपले,
प्राणिशास्त्र व शरीररचनाशास्त्राचे काही शिक्षक,
पुणे